चौथं टेबल

काम तसं अर्ध्या दिवसाचं होतं. जुन्या यंत्रातले नियम नव्या यंत्रात उतरवायचे, जुनं बंद करायचं, नवं चालू करायचं आणि दुपारी डबा खाऊन मोकळं व्हायचं. जाळीवाल्या बाईंनी अशी कामं डझनावारी केली होती. नेटवर्कचं सगळं त्याच बघायच्या, म्हणून ऑफिसातल्या मुली त्यांना जाळीवाल्या बाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग नव्हता. नावं ठेवण्यापेक्षा एकच ठेवलेलं बरं, असं त्या हसून म्हणायच्या.

हे ऑफिस कसलं, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं आणि घरात फळीवर एक पांढरा डबा असतो. पडलं, झडलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. डबा इथे कॉल लावतो, इथली मुलगी तो उचलते, डब्यातूनच बोलते, आणि गरज पडली तर ॲम्ब्युलन्स नाहीतर शेजारी पाठवते. अशा तीन मुली, तीन टेबलं, तीन सर्व्हर. एकीवर सगळा भार आणि दुसरी माश्या मारत बसलेली, असं होऊ नये म्हणून मध्ये एक लोड बॅलन्सर. येणारा कॉल कुठल्या टेबलाला द्यायचा ते तो ठरवतो. मुली त्याला वाटप्या म्हणत.

वाटप्याला स्वतःची अक्कल नसते. त्याला नियम लिहून द्यावे लागतात. अमक्या भागातलं बटण असेल तर टेबल एक, तमक्या प्रकारचा डबा असेल तर टेबल तीन. तो नियम वरून खाली वाचतो, जो आधी जुळेल तो लावतो आणि खालच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. कशालाच जुळलं नाही तर सर्वांत शेवटचा नियम, उरलेलं सगळं टेबल दोनला. आणि प्रत्येक नियमापुढे एक आकडा असतो, आजवर किती कॉल त्याला जुळले त्याचा.

बाईंनी सकाळी दहाला जुन्या वाटप्यातले नियम नव्यात उतरवायला घेतले. सहापर्यंत सगळं सरळ होतं. सातव्याशी त्या थबकल्या. सातवा नियम म्हणत होता, बटणाचा नंबर बंद यादीत असेल, तर कॉल टेबल चारला द्या.

आता टेबल चार ऑफिसात नव्हतंच. कधीच नव्हतं. आणि बंद यादी म्हणजे गेलेल्या माणसांची. माणूस गेलं की घरचे बटण आणून देतात, नंबर बंद यादीत जातो आणि बटण भांडाराच्या खणात. चारशे बारा नंबर होते त्या यादीत. खणात पडलेली, बॅटरी काढलेली बटणं कॉल कशाला लावतील? बाईंना वाटलं, कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी लिहिलं असेल आणि पुसायचं राहून गेलं असेल. त्यांच्या आधी हे काम बघणारे जुने काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि त्यांना काहीही टाकून देववत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी सातवा नियम उतरवलाच नाही.

त्याच्यापुढच्या आकड्याकडे मात्र त्यांची नजर गेली. तो सहा आकडी होता. हे काहीतरी बिघडलेलं मोजमाप, असं म्हणून त्यांनी जुनं यंत्र बंद केलं.

पावणेबाराला नवं यंत्र चालू झालं. बारा वाजून पाच मिनिटांनी हेडबाई आल्या. तिन्ही टेबलांवर देखरेख करणाऱ्या त्या, वीस वर्षांत आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. आजही चढवला नाही. टेबल दोनवर विचित्र कॉल येतायत, एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाईंनी चला म्हणायची वाट न बघता मागे वळल्या.

टेबल दोनवरच्या मुलीने कानावरचा हेडसेट काढून समोर ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. पंधरा मिनिटांत अकरा कॉल, ती सांगत होती. कुणी बोलत नाही. नुसता खोलीचा आवाज. पंखा फिरतोय, कुणीतरी श्वास घेतंय, आणि आपण बोललो की श्वास थांबतो, ऐकतंय असं वाटतं. स्क्रीनवर नाव यायचं ते येतच होतं. त्यातलं एक नाव मुलीच्या ओळखीचं होतं. त्या आजोबांचा शेवटचा कॉल मागच्या वर्षी तिनेच उचलला होता.

"ताई, मी त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलत होते हो," ती म्हणाली. "श्वास ओळखू येतो मला."

बाईंचं डोकं चालेना. त्यांनी हेडसेट कानाला लावला. खरंच पंखा होता. आणि कुठूनतरी, फार लांबून, भांडं ठेवल्याचा आवाज आला.

घाबरण्याआधी त्यांना राग आला, आपण काहीतरी चुकवलं याचा. त्यांनी भांडाराचा खण स्वतः जाऊन उघडला. चारशे बारा बटणं, दोऱ्यांची वेटोळी करून ओळीने लावलेली. बॅटऱ्या वेगळ्या डब्यात. खणाला औषधाच्या कपाटासारखा वास होता, मलमाचा, जुन्या कापसाचा. त्यात नवल काही नव्हतं. माणसांच्या गळ्यातली बटणं ती.

मग त्यांनी जुन्या काकांना फोन लावला. काका मजेत होते, गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं, बाईंच्या आईची चौकशी केली. सातव्या नियमाचं ऐकल्यावर मात्र गुडघा विसरले. मग सांगू लागले ते असं, की त्यांनाही ते कॉल सुरुवातीला टेबलांवर येताना दिसले होते आणि दोन मुली नोकरी सोडून गेल्या होत्या. कॉल टाकून द्यावेत, तर ते पुन्हा पुन्हा लागत आणि खऱ्या कॉलना वाट मिळेना. कंटाळून त्यांनी एक नसलेला सर्व्हर लिहून दिला, चौथा. भिंतीत जाऊन बसू देत, म्हटलं. आणि ते शांत झाले.

"पण काका, तिथे काहीच नाहीये ना? मग वाटप्या म्हणेल सर्व्हर बंद आहे. कॉल परत फिरेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," काका म्हणाले. "सर्व्हर चालू दाखवतो. कॉल उचलला जातो. दहा मिनिटं, वीस मिनिटं चालतो... मी खोलात गेलो नाही, बाळ. तू पण जाऊ नकोस. फक्त एक बघ. जिवंत माणूस चुकून त्या नियमात जाऊ देऊ नकोस."

"का?"

"ओळख वाढते मग," काका म्हणाले, आणि जेवायला बोलावतायत म्हणून फोन ठेवला.

बाई यंत्रांच्या खोलीत गेल्या. नव्या यंत्राला त्यांनी तीन केबली लावल्या होत्या, चौथं भोक मोकळं होतं. जुन्या यंत्राच्या चौथ्या भोकातून मात्र एक करडी केबल निघून भिंतीतल्या नळीत शिरली होती. बाई इमारतीच्या मागच्या बाजूला गेल्या. नळी बाहेर जिथे निघत होती तिथे केबल तोडलेली होती, हातभर लोंबत होती, तारा गंजल्या होत्या. परत येऊन त्यांनी ती नव्या यंत्राला लावली. दिवा लागला. हिरवा, आणि लुकलुकू लागला.

एव्हाना टेबल दोनवरची मुलगी रडू लागली होती. एक वाजेपर्यंतच यंत्राला हात लावायची परवानगी होती. पुढे बदल करायचा तर साहेबांची सही, आणि साहेब गावाला. हातात वीस मिनिटं होती. जुनं यंत्र पुन्हा चालू होईना, यादी त्यातच अडकलेली. भांडाराच्या वहीतून चारशे बारा नंबर एकेक करून टाइप करायचे तर संध्याकाळ झाली असती. बाईंनी वही चाळली. बंद झालेली सगळी बटणं जुन्या खेपेची होती, सगळ्यांचे नंबर एकतीसने सुरू. चालू बटणं नव्या खेपेची, बावन्नने सुरू. मग यादी हवीच कशाला? त्यांनी लिहिलं, नंबर एकतीसने सुरू होत असेल, तर टेबल चार. नेटवर्कवाली माणसं नेहमी असंच करतात. चारशे ओळींऐवजी एक ओळ, आणि त्या एका ओळीचा जरा अभिमानही वाटतो.

टेबल दोन लगेच शांत झालं. हेडबाईंनी मुलीला चहा दिला. बाई आपल्या जागेवर आल्या, डबा उघडला आणि सातव्या नियमापुढचा आकडा वाढताना बघत पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहिल्या.

पावणेदोनला त्यांनी कॉलची यादी उघडली. टेबल चारला गेलेले कॉल, नंबर आणि किती वेळ. सात मिनिटं. एकवीस मिनिटं. अकरा. एका नंबरापाशी त्यांचं बोट थांबलं. तो नंबर त्यांना पाठ होता, आणि तो का पाठ आहे हे आठवायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

आईचं बटण होतं ते. दोन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर, आई एकटी राहायला लागली तेव्हा बाईंनीच भांडारातून नेलेलं. नव्यासाठी अर्ज, सह्या, महिनाभर वाट बघणं. त्यापेक्षा परत आलेल्यांपैकी एक चांगलंसं उचललं, स्पिरिटने पुसलं, नवी बॅटरी घातली, यादीतून नंबर काढून चालू केला. जुन्या खेपेचं. एकतीसने सुरू होणारं. चालू बटणांत तेवढं एकच तसलं होतं, आणि त्या साफ विसरल्या होत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी आईने बटण दाबलं होतं. टेबल चार. बारा मिनिटं.

आई सत्त्याहत्तरची, कमरेने अधू. न्हाणीघरात पडली असेल, बटण दाबलं असेल आणि कॉल त्या तोडलेल्या केबलीत गेला असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. बाकी सगळं त्या विसरल्या. तीन आठवडे त्या आईकडे गेल्या नव्हत्या, ते मात्र आठवलं. त्यांनी मोबाइल लावला. चौथ्या रिंगला आईने उचलला.

आई ठणठणीत होती. बटण ओट्याला लागून चुकून दाबलं गेलं होतं. पण तुमची माणसं फार चांगली हो, आई कौतुकाने सांगत होती. एका गृहस्थांनी उचललं. आधी दुसऱ्याच कुणा बाईंचं नाव घेऊन हाक मारली. मी म्हटलं, त्या नव्हेत, मी. मग माझं नाव विचारलं. जेवलात का विचारलं, कंबर कशी आहे विचारलं, घाई म्हणून नाही. नाहीतर तुझ्या त्या मुली, काय झालं आजी, काय झालं आजी, आणि ठेवला.

"आई, आमच्याकडे फोन उचलणारा एकही पुरुष नाहीये गं."

"असेल नवीन," आई म्हणाली. "आवाजावरून वयस्कर वाटले."

बाईंनी फोन ठेवला. परवानगीची वेळ टळून गेली होती, ते त्यांनी खुंटीला टांगलं. सातव्या नियमाच्या वर एक नवी ओळ घातली. नंबर आईचाच असेल, अगदी हाच, तर टेबल एक. वरचा नियम आधी जुळला की वाटप्या खाली बघतच नाही. त्यांनी आईला मुद्दाम बटण दाबायला लावलं आणि टेबल एकशी जाऊन उभ्या राहिल्या. कॉल आला. मुलीने उचलला. काय झालं आजी? काही नाही गं, लेकीने सांगितलं म्हणून दाबलं, आईचा आवाज खणखणीत आला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आज संध्याकाळी आईकडेच जायचं आणि राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

साडेतीनला त्या एकदा शेवटचं बघावं म्हणून यंत्राच्या पडद्याशी बसल्या. आईच्या नियमापुढे आकडा एक. बरोबर. त्यानंतर सातव्याकडे आईचा नंबर पुन्हा गेलेला नाही. बरोबर. चालू कॉलच्या यादीत मात्र आईचा नंबर होता. त्यांना वाटलं, पुन्हा लागलं असेल ओट्याला. मग त्यांनी नीट वाचलं. प्रत्येक ओळीत आधी कुठून, मग कुठे. सगळ्या ओळींत आधी बटणाचा नंबर, मग टेबल. या एका ओळीत आधी टेबल चार होतं, आणि मग आईचा नंबर. सत्तेचाळीस मिनिटं, आणि सेकंद पुढे सरकत होते.

बाईंनी ती ओळ तीन-तीनदा वाचली. वाटप्यातून बाहेर कॉल जातच नाहीत. तसं करायची सोयच नाही त्यात. आणि नियम काय, आत येणाऱ्यांसाठी असतात. आतून बाहेर निघालेल्याला कुठला नियम लावायचा? त्यांनी करडी केबल उपटून काढली. दिवा विझला. सेकंद सरकतच राहिले. त्यांनी हेडबाईंना हाक मारून पडदा दाखवला. हेडबाईंनी चष्मा चढवून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही घरी जा, मी बघते इकडे. काय बघणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

जाता जाता बाईंनी आईला मोबाइल लावला. आईने उचलला तो कुजबुजत.

"अगं, नंतर कर ना. ते बोलतायत..."

"आई, त्या डब्याची पिन काढ. आत्ता. भिंतीतून ओढून काढ."

"बिघडलाय का डबा?"

"हो, बिघडलाय. काढ तू."

"बरं, काढते," आई म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर लावला तर उचलेना.

पंचवीस मिनिटांचा रस्ता होता. चार वाजताचं स्वच्छ ऊन, शाळेतून सुटलेली पोरं, फळवाल्याशी घासाघीस करणारी माणसं. जो तो आपल्या कामात होता, आणि बाईंना वाटत होतं, कुणाला थांबवून सांगायचं तर काय सांगायचं? नियम चुकला म्हणून? त्यांनी तो दुरुस्त केला होता. स्वतःच्या हाताने, तपासून. मग हे काय चाललंय, तेच त्यांना कळत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात दुपारचा उजेड होता, पंखा फिरत होता. आई खुर्ची ओढून डब्यापाशी बसली होती, हात मांडीवर, पाहुण्यांसमोर बसते तशी ताठ. सांगितल्याप्रमाणे तिने पिन काढली होती. वायरची नीट गुंडाळी करून डब्यावर ठेवली होती. डब्याचा दिवा बंद होता. आणि डब्यातून बोलणं येत होतं, हळू, सावकाश, कंटाळा न करता. बाईंना त्यातला शब्द कळेना. आई मात्र मान डोलावत होती.

"आई..."

आईने बोट ओठांवर ठेवलं. मग डब्याकडे वाकून म्हणाली, "हो, आलीच बघा ती. हीच." आणि पुन्हा ऐकू लागली.

"आई, ऊठ. आपण बाहेर जाऊ. काही बोलू नकोस त्यांच्याशी."

"अगं, आपल्या फायद्याचंच आहे," आई त्यांना समजावत म्हणाली. "तुझ्यासाठी बटण देतायत. म्हणाले, मुलगी दिवसभर एकटीच यंत्रापाशी असते, तिचं कोण बघतं? मलाही पटलं. तू कुठे स्वतःकडे बघतेस? नाव सांगितलं मी तुझं. वय सांगितलं. आता शेवटचंच विचारतायत."

नवीन माणूस नोंदवताना टेबलावरच्या मुली तीनच गोष्टी विचारतात. तिसरी कुठली, ते बाईंना माहीत होतं. त्या आईचा हात धरायला पुढे झाल्या. डबा गप्प झाला. वाट बघत होता.

"तिचं काही झालं तर कळवायचं कुणाला म्हणता?" आई डब्याला म्हणाली. "मलाच कळवा. मी घरीच असते."